दादा कॅचर होता तेव्हा

माझा थोरला भाऊ विष्णू, म्हणजे आमचा दादा, सौदीतल्या जुबैलमध्ये दोन-सव्वादोन वर्षं बेसबॉलचा कॅचर होता. हे वाक्य राजापूरकडे कुणाला सांगितलं तर तो आधी माझ्या तोंडाचा वास घेईल. पण खरं आहे. आणि नुसता हौशी नव्हे, पेशातला म्हणावा असा. खेळाच्या बदल्यात कंपनी त्याला गुरुवारी दुपारीच सोडायची, उन्हाळ्यात बाहेरच्या लाइनवर न पाठवता वर्कशॉपच्या सावलीत काम द्यायची, आणि कॅम्पमध्ये आमच्या खोलीला नवा एसी मिळाला तो त्याच्याच हातांवर. कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर समजा. स्टंप तेवढे नसतात. बॅट्समनच्या मागे उकिडवं बसायचं, तोंडाला जाळी, छातीला गादी, डाव्या हातात उशीएवढा जाड मोजा आणि उजवा हात उघडा. समोरून जो चेंडू फेकतो त्याला पिचर म्हणतात. तो मी होतो. म्हणून हे प्रकरण मलाच लिहायला हवं, आणि म्हणूनच ते इतकी वर्षं लिहून झालं नाही.

आमची खोली म्हणजे कॅम्पमधली एक लांबट पत्र्याची केबिन. सहा खाटा, सहाही जण कोकणातले. दादा आणि मी वेल्डर, दोघे पाइप फिटर, एक स्कॅफोल्डिंगवाला आणि सगळ्यांत वडीलधारे दाभोळचे हसनचाचा, कंपनीचे बस ड्रायव्हर. स्वयंपाकाचं खातं चाचांकडे. मेसमधलं जेवण त्यांना माणसाचं वाटायचंच नाही. शुक्रवारी सकाळी नमाजाच्या आधी बाजारातून ते शेरी नाहीतर हमूर मासा आणायचे, आणि गावाहून आलेली आमसुलं, तिरफळं घालून असं कालवण करायचे की शेजारच्या केबिनीतले केरळवाले ताटल्या घेऊन दारात उभे राहात. आमच्या घरून कुळथाचं पीठ यायचं. खुबूस या अरबी रोटीबरोबर कुळथाची पिठी हा पदार्थ जगात फक्त आमच्याच खोलीत झाला असेल. आवाज म्हणाल तर एसीची घरघर, मशिदीची बांग, शिफ्टचा भोंगा, आणि या सगळ्याच्या खाली दिवसरात्र प्लँटच्या चिमणीवरल्या ज्वाळेचा घोंगावा. पहिला महिनाभर त्याने डोकं उठलं. पुढे गावी सुट्टीवर गेलो की तो आवाज नाही म्हणून झोप येईना. दादाच्या खाटेखाली एक पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्या झाकणाला आतून वहिनीचा आणि छोट्या मंगलचा फोटो चिकटवलेला. भिंतीवर का लावत नाहीस विचारलं तर म्हणायचा, रोज दिसला तर कामात लक्ष लागायचं नाही.

आता खेळाचं. आम्ही दोघे वाढलो ते कातळावर क्रिकेट खेळत. आमच्या वाडीच्या वर मैलभर उघडा कातळाचा सडा आहे, आणि त्याच्या कडेला सरळ खाली दरी. कीपरने चेंडू सोडला की तो दरीत गेलाच म्हणून समजा. मग पंधरा दिवस सगळी वाडी कीपरच्या नावाने शिव्या देणार. दादा अकरा वर्षांचा असल्यापासून तिथे कीपर होता, तोही बिनमोज्यांचा. कातळावर चेंडू कधी सुरकन खाली राहायचा, कधी कपाळावर यायचा, पण दादाच्या दोन तळव्यांमध्ये तो गेला की गेला. मी मात्र टीमबाहेर. माझा हात कोपरात वाकायचा. ‘फेकी आहे शिंचा’ म्हणून मला प्रत्येक कप्तानाने हाकलला होता. जुबैलला कॅम्पमागच्या वाळूत आम्ही संध्याकाळी आपापसात खेळायचो, तेव्हाही मी फेकीच टाकायचो, आणि दादा एकटाच ती न कुरकुरता घ्यायचा. एके दिवशी आमचे अमेरिकन सुपरिंटेंडेंट बॉबसाहेब जीप थांबवून पंधरा मिनिटं बघत उभे राहिले. पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघे त्यांच्या कंपाउंडातल्या हिरव्या मैदानावर होतो. जो दोष म्हणून मला गावाने काढून टाकला, त्याच दोषासाठी इथे साहेब टाळ्या वाजवत होते. माझं डोकं तिथेच फिरलं असणार.

दादाचं मात्र एका गोष्टीवर अडलं. बेसबॉलमध्ये कॅचरने चेंडू एकट्या डाव्या हाताने घ्यायचा असतो. उजवा उघडा हात पाठीमागे लपवायचा. कारण बॅटला निसटता लागून चेंडू वळला तर उघडी बोटं जागीच मोडतात. हे बॉबसाहेबांनी सांगितलं, टीममधल्या फिलिपिनो रेनेने सांगितलं, रेनेने तर आपली दोन वाकडी बोटंच दाखवली. दादा मान डोलवायचा आणि चेंडू आला की उजवा हात पुढे. एक तर जन्मभराचं कीपिंग. आणि दुसरं म्हणजे आमच्या घरात डाव्या हाताने काही घेतलं की आईचा फटका बसायचा. पाहुण्याने दिलेला पेढा असो, शेजारणीने दिलेली कोथिंबीर असो, उजवा हात पुढे आणि डावा त्याच्या खाली. ‘भिकाऱ्याने दिलं तरी डाव्या हाताने घ्यायचं नाही,’ असं ती म्हणे. दादाने ते माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं होतं. सरावात साहेबांनी त्याचा उजवा हात पट्ट्याने कमरेला बांधला. बांधलेला असेपर्यंत ठीक. पट्टा सोडला की हात पुन्हा आपला वर. जित्याची खोड, दुसरं काय. खोलीवर आम्ही सगळे यावरून त्याची इतकी टर उडवायचो की चाचा वाढताना त्याला मुद्दाम डाव्या हाताने खुबूस द्यायचे.

शेवटी त्याने स्वतःच यावर तोड काढली. पिचरने कसला चेंडू टाकायचा हे कॅचर बोटांनी सांगतो. उकिडवा बसलेला असताना मांड्यांच्या मध्ये, समोरच्या पिचरलाच दिसेल अशी बोटं दाखवतो. एक बोट म्हणजे वेगवान, दोन म्हणजे सावकाश. दादाने काय केलं, एक बोट दाखवलं की लगेच उजव्या हाताची मूठ करून पाठीमागे पट्ट्यात खुपसायची आणि मनाला बजावायचं, आता हलायचं नाही. दोन बोटं दाखवली की हात मोकळा, कारण सावकाश चेंडूला तो चुकून पुढे आला तरी काही बिघडत नव्हतं. थोडक्यात, त्याच्या हाताचा सगळा भरवसा माझ्यावर. त्याने दाखवलं तेच मी टाकायचं, एवढं साधं. आणि दोन वर्षं मी ते पाळलं. जुबैलमधल्या कंपन्यांच्या टीम आम्हाला ‘ब्रदर्स’ म्हणायच्या. माझ्या वेगाची चर्चा व्हायची. तो वेग शुक्रवारमागून शुक्रवार अंगावर घेणाऱ्याच्या तळव्याची चर्चा कोण करतो? सामना झाला की दादा डावा हात बर्फाच्या बादलीत बुडवून बसायचा, आणि मी साहेबांच्या पोरांना सह्या देत फिरायचो. सह्या! आज हे लिहिताना माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या वर्षी कंपनीने नव्या प्लँटचं काम घेतलं आणि वेल्डरांची परीक्षा लावली. पाइप तिरका बांधतात, तो हलवायचा नाही. वेल्डरनेच त्याच्याभोवती वाकून, आडवं होऊन जोड भरायचा, आणि मग त्या जोडाचा एक्स-रे काढतात. आत केसाएवढी पोकळी दिसली तरी नापास. जे पास होतील त्यांतल्या अनुभवी माणसाला फोरमनची जागा होती, आणि फोरमनच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, बायको-पोरांना आणता येत होतं. जो नापास होईल त्याचा करार संपला की खलास, घरी. आमच्या कॅम्पात दादासारखा हात कुणाचा नव्हता, हे फिलिपिनोसुद्धा कबूल करायचे. लग्नाला आठ वर्षं झाली होती, आणि त्यातले जेमतेम चार महिने तो वहिनीबरोबर राहिला होता. दर दोन वर्षांनी एक महिना, बस्स. मंगल पाच वर्षांची झालेली. मागच्या सुट्टीत तिने त्याला विचारलं होतं, तुम्ही कोणत्या गाडीने जाणार, म्हणजे मी आईजवळ झोपेन. ते मला सांगताना तो हसला होता. त्या परीक्षेसाठी तो रोज शिफ्ट संपल्यावर तासभर शॉपमध्ये थांबून सराव करायचा. सराव मलाही करायला लावायचा, कारण मीही त्याच परीक्षेला बसणार होतो.

परीक्षेच्या दहा दिवस आधी शुक्रवारी शेवटचा सामना होता. दादाने सरळ सांगितलं, या वेळी मी येत नाही, रेने कॅचर होऊ दे. मी बिथरलो. रेनेला माझा वेग झेपत नसे, म्हणजे मला हळू टाकावं लागलं असतं, आणि समोर धाहरानची टीम, त्यांच्यात एक धिप्पाड बॅट्समन, ज्याने मागच्या खेपेला माझे दोन सावकाश चेंडू कुंपणापार मारले होते. गुरुवारची संध्याकाळभर मी त्याच्यामागे भुणभुण लावली. तू नसशील तर मला घेणार कोण, असं काहीबाही लाडीगोडीने बोललो. मग चिडून म्हणालो की तुझ्याशिवाय मला इथे किंमत नाही असं लोक म्हणतील. चाचा लसूण सोलत होते. त्यांनी मान वर न करता मला सुनावलं, गप रे, त्याची परीक्षा आहे, तुझा काय तमाशा. पण दादाने माझा शब्द कधी मोडला नव्हता, आणि ते मला चांगलं ठाऊक होतं.

तो म्हणाला, “येतो. पण उद्या मी बोट दाखवीन तसंच टाकायचं. एकदाही इकडचं तिकडे नाही. दहा दिवसांनी मला हा हात हवाय.”

मी म्हणालो, “आईशपथ.”

सामना दुपारी होता. ऊन होतं, समुद्राकडून ओलसर वारा होता, आणि कंपाउंडातल्या बायका खुर्च्या टाकून बसल्या होत्या. मी चांगलं टाकत होतो. दादा प्रत्येक वेळी हात पट्ट्यात खुपसत होता, मला तो दिसत होता. शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो, त्यांचे दोन बाद, आणि समोर तोच धिप्पाड. बेसबॉलमध्ये बॅट्समन तीनदा हुकला की बाद, आणि तीन बाद झाले की डाव संपला. दोनदा तो हुकला होता, दोन्ही वेळा वेगवान चेंडूवर. आता तिसरा वेगवानच येणार हे तोही धरून होता, म्हणून दादाने मांड्यांमध्ये दोन बोटं दाखवली. सावकाश टाक. आणि खेळ म्हणून पाहिलं तरी ते बरोबरच होतं. पण मागच्या वेळचे ते कुंपणापारचे दोन चेंडू माझ्या डोक्यात बसले होते. याच्यासमोर पुन्हा सावकाश टाकायचा आणि सगळ्यांदेखत मार खायचा? बायका टाळ्या वाजवत होत्या, बॉबसाहेब माझं नाव ओरडत होते. मी मान डोलवली. म्हणजे दोन बोटं कळली, असं त्याला सांगितलं. आणि होता नव्हता तेवढा जोर लावून वेगवान टाकला.

बॅटची कड लागल्याचा बारीक टक् असा आवाज झाला. दादा सावकाश चेंडूसाठी बसला होता. त्याचा उजवा हात पट्ट्यात नव्हता, तो मोज्याशेजारी वर आला होता. चेंडू बोटांच्या टोकांवर सरळ बसला. त्याने जाळी काढली आणि आपल्या हाताकडे असं बघितलं की जणू तो हात त्याचा नसून कुणीतरी त्याच्या हातात ठेवला आहे. मधलं बोट आणि करंगळीशेजारचं, दोन्ही मागच्या बाजूला उलटी झाली होती, आणि एकातून हाड बाहेर आलं होतं. मी धावत गेलो तेव्हा पहिलं वाक्य माझ्या तोंडून काय निघालं असेल? ‘हात का पुढे आणलास?’ हे मी विचारलं. मी, त्याला. बॉबसाहेबही तेच म्हणाले, कितीदा सांगितलं होतं तुला. आणि दादाने साहेबांकडे बघून मान हलवली, “येस सर. माय हॅबिट. माय मिस्टेक.”

दवाखान्यात बोटांत तारा घातल्या, कोपरापर्यंत प्लॅस्टर केलं, आणि डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले. परीक्षा थांबणार नव्हती. बॉबसाहेबांनी वर विचारून पाहिलं, माणूस वाईट नव्हता, पण एक्स-रे काढणारे बाहेरून येणार होते आणि तारीख ठरलेली होती. त्या दहा दिवसांत दादाला चाचा कालवून भरवायचे, पहिल्या दिवशी दादाने नको म्हटलं तेव्हा त्यांनी ताटली तशीच हातात धरून ठेवली आणि तो तोंड उघडेपर्यंत बसून राहिले. मी कोपऱ्यात जेवायचो. रोज ठरवायचो, आज त्याच्याशी बोलीन. बोलायला गेलो की तोच आधी विचारायचा, सराव केलास का, वेल्डिंगची टॉर्च कोणत्या कोनात धरलास. एकदाही त्या चेंडूचं नाव नाही. मला वाटे, त्याला कदाचित कळलंच नसेल, आपल्यालाच काही भास झाला असं त्याला वाटत असेल. माणूस स्वतःला किती सोयीचं समजावतो, त्याला सुमार नाही.

परीक्षेच्या सकाळी त्याने शॉपमधल्या कातरीने प्लॅस्टर स्वतःच कापलं. आतला हात सुजून जांभळा झालेला, तारांची टोकं बाहेर. आम्हाला शेजारशेजारचे कप्पे मिळाले होते, मध्ये फक्त पडदा. त्याने अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात टॉर्च धरली. वरचा अर्धा जोड त्याने भरला, मी पडद्याच्या फटीतून पाहिलं, सुरेख भरला. पण खालची बाजू भरायला मनगट उलटं करावं लागतं आणि टॉर्च चार बोटांनी पेलावी लागते. तिथे त्याला ती पेलेना. टॉर्च दोनदा खाली पडली. दुसऱ्यांदा पडल्यावर त्याने ती उचलली नाही. मग माझ्या पाठीमागे त्याचा आवाज आला, हळू, नेहमीचा. “घाई करू नको. श्वास सोड. आता खाली ये. कोपर मांडीला टेकव. हां, असंच.” मी तोंडावर वेल्डिंगची काच लावलेली होती म्हणून बरं. आत मी रडत होतो, आणि तो मला जोड भरायला शिकवत होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मी पास झालो. दादाच्या जोडाचा तर एक्स-रे काढायचीही गरज पडली नाही. त्याच्या करारातले तीन महिने उरले होते, तेवढ्यासाठी कंपनीने त्याला फायर वॉचवर टाकलं. वेल्डिंग चालू असताना ठिणगी कुठे पडते यावर नजर ठेवायला आग विझवण्याचा लाल सिलिंडर घेऊन एक माणूस मागे बसवतात. हे काम ज्याला दुसरं काहीच येत नाही त्याला देतात. कॅम्पातला सगळ्यांत तरबेज वेल्डर तीन महिने तो सिलिंडर घेऊन बसला, आणि त्यातला महिनाभर माझ्याच मागे. ठिणगी उडाली की तो उठून बुटाने विझवायचा आणि पुन्हा बसायचा. फोरमनची जागा त्या वर्षी एका फिलिपिन्याला मिळाली. चार वर्षांनी ती मला मिळाली. मी लग्न केलं, बायकोला आणलं, माझा मुलगा जुबैलच्या शाळेत शिकला, इंजिनिअर झाला, आणि आता यान्बूच्या त्याच्या घरात बसून मी हे लिहितो आहे. माझा नातू इंग्रजीत विचारतो, आजोबा काय लिहिताय, आणि मी सांगतो, काही नाही, खेळाच्या गोष्टी.

दादा निघाला त्या दिवशी हसनचाचांनी त्याला दम्माम विमानतळावर कंपनीच्या बसमधून नेला, एकट्या माणसासाठी अख्खी बस. गावी त्याने कलमं लावली, दुसऱ्याच्या काजूच्या कारखान्यात देखरेख केली. बोटं जुळली ती ताठच. मूठ कधी वळली नाही. भात कालवता यायचा नाही, वहिनी कालवून द्यायची, आणि पंगतीत तो बसायचा नाही, मागाहून जेवतो म्हणायचा. मी दर सुट्टीत जायचो आणि दर सुट्टीत न बोलता परत यायचो. मंगलचं लग्न झालं त्या वर्षी मात्र मला राहवलं नाही. मांडव उतरवला होता, पाहुणे गेले होते, आणि आम्ही दोघेच अंगणात सुतळ्या गुंडाळत बसलो होतो. तो त्या ताठ हातावर सुतळी गुंडाळत होता. मी म्हटलं, दादा, त्या दिवशी तू मला दोन बोटं दाखवली होतीस.

तो थांबला नाही, गुंडाळतच राहिला. म्हणाला, “नाय रे. एकच दाखवलं होतं मी. तू बरोबर टाकलास. हात पुढे आला तो माझा.”

मी पुन्हा म्हटलं, दोन होती, मी पाहिली. तर तो जरा रागावलाच. म्हणाला, कॅचर कोण होता, तू की मी? मला नसेल ठाऊक मी काय दाखवलं ते? आणि वर बजावलं की पुन्हा हा विषय काढायचा नाही, तुझ्या वहिनीसमोर तर मुळीच नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. जेवायला हाक आली तेव्हा मी पोटभर जेवलोसुद्धा.

दादाला जाऊन चार वर्षं झाली. वहिनीला, मंगलला, सगळ्या गावाला हेच माहीत आहे की चूक त्याच्या सवयीची होती. त्याने दोन बोटं दाखवली होती.